ड्रॅगनसमोरची मागणी

पडद्यावर ड्रॅगन आग ओकत होता आणि आमची टोळी हेडफोनवर सवलतीतल्या गेम्सवरून भांडत होती.

"अख्खं बंडल निम्म्या किमतीत! घेऊन टाक की," कोल्हापूरहून उर्वी ओरडली. खेळात मेलेल्यांना उठवणारी वैद्य तीच.

"हे बंडल एकाच घरातल्या दोघांना चालतं," नागपूरहून शार्दूल म्हणाला. वर्षानुवर्षं एकत्र लढूनही ती दोघं प्रत्यक्षात कधी भेटली नव्हती. "माझ्या घरात मी एकटाच."

"मागणी घालतोयस काय रे?" उर्वीनं विचारलं.

शार्दूल इतका गडबडला, की त्याची ढाल खाली आली आणि ड्रॅगननं त्याला गिळलं.

"आधी जिवंत कर, मग सांगतो!"

"आधी सांग, मग जिवंत करते."

"हो, घालतोय!"

"मग आईला सांगते," म्हणत उर्वीनं त्याला उठवलं. तेवढ्यात आम्ही बाकीचे जळून खाक झालो, पण लग्नाचं जेवण पक्कं झालं.