बाजूच्या पेट्या

“बाजूच्या पेट्या काढल्यात तरच बाईक बोटीत मावेल,” फेरीबोटीवरचा खलाशी म्हणाला.

मित्र हेरंबकडे वळले. “तूच बसवल्यास ना काल? काढ पटकन!”

हेरंबने पाना घेतला, पण आधी कुठला बोल्ट सोडवायचा, हेच त्याला कळेना. पेट्या त्याच्या बायकोने, वृषालीने बसवल्या होत्या. त्याने फक्त ‘माझी कारागिरी’ म्हणत फोटो ग्रुपवर टाकला होता.

“ह्याचं मनगट लचकलंय,” म्हणत वृषालीने पाना घेतला आणि भोंगा वाजायच्या आत दोन्ही पेट्या उतरवल्या.

पलीकडच्या धक्क्यावर ती त्या पुन्हा बसवायला लागली.

“वहिनी, याने चांगलंच शिकवलंय हं तुम्हाला!” एक मित्र म्हणाला. ती नुसतीच हसली.

हेरंब तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, “मलापण शिकव ना. आता कुठला बोल्ट?”