घरटी एक

"पोरांना का टोचत न्हाईत मग ही सुई?" सलमानं विचारलं.

गावच्या पारासमोर उभ्या जीपमध्ये बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पटकीची सुई आहे, कागलच्या दवाखान्यात टोचून घ्यायची आणि संध्याकाळी परत, एवढंच त्यांना घरून सांगितलं होतं. मागं उभा असलेला शिपाई हसला.

"अगं, पोरं हू नयेत म्हणून तर न्यायलोय तुमास्नी!"

आणीबाणीचं साल होतं. घरटी एकाचं, नवऱ्याचं नाहीतर बायकोचं, नसबंदीचं ऑपरेशन झालंच पाहिजे, असं तालुक्याच्या साहेबांनी गावाला बजावलं होतं. काल चावडीत पुरुष बसले आणि त्यांनी बायकांना पाठवायचं ठरवलं. बायकांना विचारावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

सलमाच्या मांडीवर तान्ही लेक होती. आणखी मूल हवं की नको, हे तिनं अजून स्वतःलाही विचारलं नव्हतं. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि खाली उडी टाकली. शिपायानं काठी आडवी धरली. तिनं ती हिसकून फेकली.

"माझ्या अंगाचं चावडीत ठरवतायसा? लाज वाटत न्हाई?"

तिच्या मागनं एकेक बाई उतरली. पारावर बसलेले नवरे माना खाली घालून विड्या ओढत राहिले. चावडीतनं साहेब धावत आले, ओरडले, जेलात घालीन म्हणाले. कुणीही परत चढलं नाही.

आत एकटी अंबूबाई राहिली. सहा बाळंतपणांनी पार खंगलेली. तिचा नवरा जोतीराम पारावरनं ओरडला, "तू बस गप आत! सहा झाली की. आनि काय पायजे तुला?"

अंबूबाई सावकाश उतरली. सरळ पारापाशी गेली. जन्मात तिनं कधी नवऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं.

"काय नको मला. तिसऱ्या खेपंलाच तुझं पाय धरलं हुतं, आप्रेशन करून घेऊ दे म्हणून. तवा वहाण तुटस्तवर मारलास. वर आनि तीन पोरं लादलीस. आन् आज सोताचं कातडं वाचवायला मला धाडतोस व्हय? मी जाणार हाय आप्रेशनला. माझ्या पायानं, मला वाटंल तवा. आज जीपमधी तू चढ."