सुनेचा पाय

लातूरच्या मालिशवाल्यानं हात टेकले, तरी आप्पासाहेबांच्या कमरेतली उसण हलेना. शेवटी बायको म्हणाली, "पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते म्हणतेत. आपली वर्षाराणी पायाकडूनच जन्मली हाय."

म्हैस आटली, बोअर कोरडं गेलं, ते सगळं याच सुनेच्या पायगुणानं, असं आप्पासाहेब वर्षभर चाकूरच्या बाजारात सांगत फिरले होते. आता ते निमूट पालथे पडले. सुनेनं आधी वाकून नमस्कार केला, मग कमरेवर हलकेच पाय दाबला. उसण गेली.

"मामंजी, अजून दुखायलंय का?"

न्हाई म्हणावं, तर उठून तिच्याकडं बघावं लागणार.

"हाव," आप्पासाहेब उशीत तोंड खुपसून म्हणाले, "लई दुखायलंय."