दोन गाईड

सम्यकने फ्रीझरचं दार उघडलं आणि आतलं पाणी त्याच्या बुटांवर आलं.

"वाट लागली, मॅडम."

मागे उभ्या असलेल्या दर्शनाने एक नळी उचलून उजेडात धरली. आतला कॅन्सरच्या गाठीचा तुकडा दगडासारखा गोठलेला असायला हवा होता, तो पार मऊ पडला होता. वासच सगळं सांगत होता. चार वर्षं सम्यक वॉर्डातल्या खाटांजवळ उभा राहिला, एकेका पेशंटच्या हातापाया पडला, तेव्हा कुठे हे तुकडे जमले. कुठलं औषध कुणाला लागू पडेल ते त्यांतून शोधायचं, हीच त्याची पीएचडी. पुन्हा जमवायचे म्हटलं तरी द्यायला माणसं कुठे उरली होती? बहुतेक जण गेले होते.

विसर्जनाच्या सुट्टीत अंधेरीच्या त्या कॉलेजात वीज गेली आणि फ्रीझर बंद पडला. बंद पडला की तो मोबाईलवर मेसेज पाठवतो. तसा त्याने इमानाने पाठवलाही, दोघांना. कारण ही पीएचडीच मुळी दोन गाईडची, एक वॉर्डातला डॉक्टर आणि एक लॅबमधली शास्त्रज्ञ. पोरगं दोन्ही पायांवर उभं राहावं म्हणून दर्शनाने रात्रंदिवस खपून हा अभ्यासक्रम आखला होता. त्याच्या नियमावलीत फ्रीझरच्या नावापुढे तिनेच लिहिलं होतं, 'संयुक्त जबाबदारी'. सम्यक तेव्हा म्हणाला होता, मॅडम, माझाही नंबर टाका ना. तिने नको म्हटलं. सुट्टीच्या दिवशी तरी पोरांना झोपू दे, हा तिचा विचार. डोंबलाचा विचार!

जिन्यातच डॉक्टर मार्तंड भेटले. "मेसेज आला होता गं. पण लॅबचं यंत्र ते, मला वाटलं पद्मजा बघेल."

"पेशंट त्यांचे," लॅबच्या पद्मजा मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं मार्तंड बघतील."

दोघांतलं कुणीही खोटं बोलत नव्हतं, हीच तर रड होती. दोन घरचा पाहुणा उपाशी, हे दर्शनाच्या आईने तिला शंभरदा ऐकवलं असेल. अभ्यासक्रम आखताना नेमकं तेवढंच आठवलं नाही.

वर समिती बसली होती. हाच अभ्यासक्रम आता आणखी कॉलेजांत न्यायचा होता, त्याला मंजुरी द्यायला. दर्शना उभी राहिली.

"एक ओळ बदलायची आहे, सर. संयुक्त जबाबदारी काढून तिथे एकच नाव घालू या. आमचा फ्रीझर..."

"कळलं ते. वाईट झालं," डीन घाईघाईने म्हणाले. "पण एक नाव म्हणजे कुणाचं?"

तिने मार्तंडांकडे पाहिलं. मार्तंडांनी पद्मजा मॅडमकडे पाहिलं. मॅडम चहा ढवळत राहिल्या, बिनसाखरेचा.

"माझं घाला," दर्शना म्हणाली.

"तुम्ही गाईड कुठे आहात? गाईडखेरीज कुणाचं नाव घालता येत नाही. नियम आहे."

नियम तिनेच केला होता.

"आणि सम्यकचं काय, सर?"

"त्याला दुसरा विषय देऊ. दोन्ही गाईड मिळून ठरवतील."

ती ओळ तशीच ठेवून मंजुरी मिळाली. टाळ्याही झाल्या. दर्शना बाहेर आली, तर लिफ्टजवळच्या बाकावर जयवंतकाका बसले होते. दिंडोशीचे. त्यांची बायको प्रेमा गेल्या साली इथल्याच वॉर्डात गेली. तिच्या गाठीचा तुकडा फ्रीझरमध्ये होता, आणि तो तिथे आहे हे काका एक दिवसही विसरले नव्हते.

"कालच इलंय गावाहून, मॅडम," काका म्हणाले. "आता अविधवा नवमी येईल, हिचं पान वाढायचं आहे. भटजी विचारत होते, सगळं पाण्यात सोडलं ना? म्हटलं, सोडलं, पण थोडी शिल्लक आहे ती. अंधेरीला. कामाला आहे." ते हसले, मग त्यांचा आवाज खाली आला. "काम झालं असेल तर द्या. वेसाव्याला समुद्रात सोडतो. नसेल झालं तर राहू दे. बरी आसा मां ती?"

खरं दर्शनाच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"चालू आहे काका, काम."

"आणि बघायला दोघं आहेत ना? तुम्हीच म्हणाला होता, एक वॉर्डातला, एक लॅबमधला."

"आहेत. दोघं आहेत." तिला स्वतःचीच शिसारी आली.

"मग काळजी नाही. एकट्यादुकट्याचं काही खरं नसतं, मॅडम."

तेवढ्यात लॅबमधून सम्यक आला. हॉस्पिटलात खराब झालेलं मांस पिवळ्या पिशवीत भरून जाळायला पाठवतात. तसली गच्च बांधलेली पिवळी पिशवी त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. काका लगबगीने उठले आणि त्यांनी लिफ्टचं जाळीचं दार ओढून धरलं.

"जड आहे काय रे?"

सम्यकने दर्शनाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"नाही काका," तो म्हणाला. "हलकीच आहे."

तरी काकांनी पिशवीला खालून हात दिला.