बुलेटचा कोपरा

“रविवारी चर्चमधली मिस्सा संपताच कासव विरारला,” पप्पा म्हणाले. “त्या कोपऱ्यात नाताळचा गोठा बसतो. अकरा वर्षं बसतोय.”

“आणि अकरा वर्षं उत्तेजनार्थ बक्षीस मिळतंय,” प्रिन्सी म्हणाली.

हे बोलायला नको होतं. पण शाळेत सगळ्यांसमोर प्रोजेक्ट सादर केल्यापासून तिची भीड अशी काही चेपली होती, की तोंड आधी उघडायचं आणि डोकं मागून धावत यायचं. पप्पांनी शोकेसमधल्या अकरा प्रशस्तिपत्रकांकडे पाहिलं. मग एक खोकं आणलं, त्याला भोकं पाडली आणि वर मार्करने लिहिलं: रिटा मावशी, विरार.

रिटा मावशीकडे दोन मांजरं होती. बुलेट होता बटाटवड्याएवढा.

तो ग्लेनदादाचा. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना आफ्रिकन जातीच्या कासवाचं हे पिल्लू नोंदणीच्या कागदासकट प्रिन्सीच्या हातात ठेवून गेला. तिने मग पापडी गावातल्या त्यांच्या घराचा कोपरान् कोपरा थर्मामीटर घेऊन तपासला होता. खिडकीशी वारा, स्वयंपाकघरात फोडणी, बेडरूममध्ये मम्मी. राहिला हॉलमधला एकच कोपरा, प्लगपॉइंटवाला. तिथे तिने जुन्या कपाटाचा खण मांडला. त्यात नारळाचा भुसा, वर सुकं गवत. अर्धं फुटलेलं मडकं आडवं ठेवून गुहा केली. पाण्याची उथळ थाळी. जेवायला चपटा दगड. आणि वरून एक पिवळा बल्ब. चार दिवस ती त्या बल्बची उंची बोटबोट वरखाली करत होती. बुलेट मडक्यात शिरला आणि गाढ झोपला, तेव्हा ती हॉलमध्ये एकटीच नाचली होती.

शनिवारी दुपारी पप्पा कामणला गोडाऊनवर आणि मम्मी बाजारात असताना बेल वाजली. दारात शर्ली टीचर आणि आलोशियस अंकल. गळ्यात बिल्ले, हातात फायली. गोठा स्पर्धेचे परीक्षक.

“पण तुम्ही उद्या येणार होता ना?”

“उद्या दुपारपासून माझ्या भाचीचं लग्न आहे. ग्रुपवर टाकलं होतं गं,” टीचर म्हणाल्या.

पप्पांनी तो ग्रुप रोजच्या गुड मॉर्निंगला कंटाळून म्यूट केला होता. गोठा नाही म्हटलं तर पप्पांचं नाव बाद. मग कासव विरारला उद्या नाही, आजच जाणार.

ती काही बोलायच्या आत दोघं कोपऱ्यासमोर उभे होते.

“एकही मूर्ती नाही,” अंकल म्हणाले.

“नाहीच आहे,” प्रिन्सी म्हणाली. खरं तेच.

“आणि बल्ब एवढा खाली का?”

“नाहीतर थंडी वाजेल ना! पंचवीसच्या खाली जाऊन चालतच नाही. लहान आहे अजून.”

टीचरांनी चष्मा काढला. “आलोशियस, सकाळपासून आपण सतरा गोठे बघितले. रोषणाई बघितली, कापसाचा बर्फ बघितला. लेकराला थंडी वाजेल, हे कोणाच्या डोक्यात आलं?”

“नाताळाआधीच्या आगमनकाळातला गोठा असाच पाहिजे,” अंकलनी क्रुसाची खूण केली. “सगळी तयारी झालीय. फक्त बाळ येशू यायचा बाकी आहे.”

तेव्हा कुठे प्रिन्सीच्या डोक्यात प्रकाश पडला. “टीचर, हे खरं तर...”

“शू!” अंकलनी बोट ओठांवर ठेवलं. “मार्कं देताना स्पर्धकाने बोलायचं नसतं. नियम आहे.”

मडक्यात बुलेट ढाराढूर झोपला होता.

संध्याकाळी पप्पा आले ते वायरी घेऊनच. “पप्पा, ऐक ना,” प्रिन्सीने सुरुवात केली. “आधी ही वायर धर.” “पप्पा, अरे आज ना...” “आता मोटर धर.” बुलेट खोक्यात गेला, सोबत गरम पाण्याची बाटली. खण गॅलरीत गेला. कोपऱ्यात डोंगर उभा राहिला, धबधबा सुरू झाला, बर्फ पडला. बेथलेहेमच्या आकाशात घरघर करत हेलिकॉप्टर फिरू लागलं. हे यंदाचं नवीन. पप्पा कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “उद्या बघतोच, कोण मला उत्तेजनार्थ देतो ते.”

प्रिन्सीने तोंड मिटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

रविवारी मिस्सानंतर शर्ली टीचरांनी माइक हातात घेतला. “पहिला क्रमांक, फर्डिनंड आणि कुटुंब!”

पप्पा बाकावरून उठले आणि अर्ध्यातच थांबले. “अजून बघितला कुठे यांनी?”

“ना धबधबा, ना बर्फ,” टीचर सांगत होत्या. “नुसतं गवत, एक मडकं आणि ऊब. आता सगळ्यांनी मिळून बघायला जायचंय!”

पप्पा हळूहळू वळले. “प्रिन्सी, यांनी कोणाचा गोठा बघितला?”

“बुलेटचा. मी सांगत होते, तू वायरी धरायला लावल्यास.”

पप्पांनी सुटाची बटणं सोडली आणि पळत सुटले. टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना वाटलं, आनंदाने पळताहेत.

प्रिन्सी घरी पोचली तेव्हा धबधबा बाथरूममध्ये होता. पप्पा नव्या सुटात जमिनीवर पालथे पडून गवत पसरत होते. त्यांनी मडक्यात वाकून पाहिलं, मग थर्मामीटरकडे, मग तिच्याकडे.

“सव्वीस झालंय. बल्ब अजून बोटभर खाली घेऊ का गं? आणि हा रात्री जेवला होता ना?”

बाहेर गेट वाजलं. दारात भोकांचं खोकं विरारला निघायच्या तयारीत बसलं होतं, आणि त्याच्या आत होतं हेलिकॉप्टर.