पंच्याण्णव टक्के

एकट्या राहणाऱ्या अण्णांच्या लॅपटॉपची बॅटरी वीस टक्क्यांवर आली की बंगळुरूला मुलाच्या मोबाइलवर मेसेज जायचा. दिवाळीत आला तेव्हा त्यानेच तशी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. मेसेज गेला की त्याचा फोन यायचा. "अण्णा, चार्जर लावा." मग गुडघा, पाणी, दूधवाला असं दोन मिनिटं बोलणं व्हायचं. म्हणून अण्णा सकाळीच चार्जर काढून ठेवायचे.

बॅटरी सारखी उतरते असं वाटून मुलाने नवी पाठवली. ती दिवसभर पुरू लागली. आठवडाभर घरात फक्त फ्रिजचा आवाज होता.

सोमवारी अण्णांनी चष्मा पुसून स्क्रिप्ट उघडली आणि वीस खोडून पंच्याण्णव लिहिलं. मग चार्जर काढून ते फोनजवळ बसले. सव्वादहाला फोन वाजला.

"अण्णा, बॅटरी पंच्याण्णव टक्के, असा मेसेज आलाय मला."

अण्णांनी गुडघ्याचं सांगायला सुरुवात केली. मुलाने ते ऐकून घेतलं.

"पंच्याण्णव नको, अण्णा. तेव्हा मी मीटिंगमध्ये असतो. साठ करा, म्हणजे मेसेज माझ्या जेवणाच्या सुट्टीत येईल."