बिनसेलचं घड्याळ

नवरदेवाचा हुकूम आला होता, "सेलवालं घड्याळ चालणार नाही, ऑटोमॅटिकच पाहिजे." म्हणून निवृत्ती लेकीला, प्रेरणाला घेऊन मेहकरच्या घड्याळाच्या दुकानात आला. दुकानदार अजहरभाईंनी दोन घड्याळं समोर ठेवली. किंमत सारखीच, आणि दोन्ही बंद.

"बंद काऊन हायेत हे?" प्रेरणाने विचारलं.

"हातावर चालतात, ताई. हात हालला का आपोआप चावी बसते. काढून ठेवलं तं हे दीड दिवस चालते, हे दोन दिवस. पण हातच हालला नाही तं दोन्ही बंद."

"दोन दिवसवालं द्या," निवृत्ती घाईने म्हणाला. "जावई नाराज झाले तं सोयरीक मोडन."

प्रेरणाने तेच घड्याळ उचललं आणि स्वतःच्या मनगटावर बांधलं. दिवसभर एसटीत प्रवाशांना तिकिटं देणारा तो हात तिने दोनदा झटकला, तसा काटा पळू लागला.

"अवं पोरी, ते जावयाचं हाये!"

"मोडू द्या सोयरीक, बाबा. त्याच्या हातावर हे चालणारच नाही. पसरलेला हात हालत नसते."